संगत कोणाची, घडण कोणाची? : 'जेव्हा माणूस जागा होतो'चे एक वाचन

प्रास्ताविक :

संगतीचा माणसाच्या घडणीवर होणारा परिणाम हा मराठी मनाचा जुना चिंतनविषय आहे. अठराव्या शतकात मोरोपंतांनी 'केकावली'त सुसंगतीची याचना केली आणि ती याचना पुढे पिढ्यान्पिढ्या शाळाशाळांतून प्रार्थना म्हणून म्हटली गेली. संतपरंपरेने तर संतसंग हेच साधन मानले. दुसऱ्या बाजूला लोकव्यवहाराने 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' असे बजावून ठेवले. प्रार्थना चांगल्या संगतीची आस धरते, म्हण वाईट संगतीचे भय दाखवते. मात्र दोहोंत एक गृहीत समान आहे. एक देणारा असतो, दुसरा घेणारा असतो आणि गुण एकाकडून दुसऱ्याकडे वाहतात, असे ते गृहीत होय. म्हणीतील 'वाण नाही' हे दोन शब्द तर विशेष लक्षपूर्वक वाचावेत असे आहेत. गोठ्यात शेजारी बांधल्याने गुण बदलेल, वाण बदलणार नाही, असा त्यांचा निर्वाळा आहे. जातिबद्ध समाजाने संगतीला घालून दिलेली मर्यादाच या दोन शब्दांत नकळत उतरली आहे. चोखोबा नामदेवांच्या संतमेळ्यात होते. तरीही देवळाच्या आत नव्हते.

संगतीचा हा एकमार्गी विचार ज्या ग्रंथाच्या वाचनात अडखळतो, असा एक महत्त्वाचा मराठी ग्रंथ म्हणजे गोदावरी परुळेकर यांचा 'जेव्हा माणूस जागा होतो'. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या ग्रंथाचे वाचन आजवर मुख्यतः वारल्यांच्या लढ्याची कहाणी म्हणून झाले. ते योग्यच आहे. परंतु या ग्रंथाची वीण लढ्याच्या घटनांपेक्षा सहवासाच्या तपशिलांनी अधिक घट्ट झालेली आहे. प्रस्तुत लेखात त्या अंगाने ग्रंथाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. त्याच काळात, त्याच भूप्रदेशात घडलेल्या दुसऱ्या एका सहवासाचा, म्हणजे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाड येथील कार्याचा, तुलनेसाठी आधार घेतला आहे.

या वाचनासाठी जव्हार तालुक्यातील जामसर हे गाव दृष्टिबिंदू म्हणून समोर ठेवले आहे. त्याला कारण आहे. ग्रंथातील प्रमुख घटना त्या वेळच्या उंबरगाव व डहाणू तालुक्यांत घडतात. जव्हारचा मुलूख १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होता आणि हे राजघराणे स्वतः महादेव कोळी होते. म्हणजे जामसरचा वाचक या इतिहासाचा सोयराही आहे आणि काहीसा परकाही आहे. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ही सर्व गावे पुन्हा एका नावाखाली आली. जामसर-जव्हार-मोखाड्याकडचा विद्यार्थी आज मराठीच्या वर्गात हा ग्रंथ वाचतो तेव्हा त्याच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीचे 'जागे होणे' त्याला एका पुणेरी स्त्रीच्या निवेदनातून कळते. समीक्षेच्या दृष्टीने ही स्थिती साधी नाही.

दोन जगांची गाठ :

गोदावरीबाईंचे पूर्वायुष्य या ठिकाणी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १९०७ साली जन्मलेल्या गोदावरी गोखले या पुण्यातील नामवंत वकिलाच्या कन्या. स्वतः कायद्याच्या पदवीधर. महाराष्ट्रातील पहिल्या महिला कायदा पदवीधरांत त्यांची गणना होते. नामदार गोखल्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. तेथेच शामराव परुळेकरांशी त्यांचा परिचय झाला आणि १९३९ मध्ये विवाह. पुढे दोघेही कम्युनिस्ट पक्षात व किसान सभेच्या कामात आले. घर, समाज, पक्ष अशा तीन संगतींतून घडत आलेली ही स्त्री १९४५ च्या सुमारास चौथ्या संगतीत शिरते. ग्रंथ खऱ्या अर्थाने तेथून सुरू होतो.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. तिला मोजके वारली आले होते. त्यांत झरी गावचा माह्या धांगडा होता. या परिषदेत त्याने वेठीची, मारहाणीची, जमीनदारांच्या छळाची हकिगत सांगितली आणि आमच्या भागात या, असा आग्रह धरला. या प्रसंगाकडे समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. आंदोलनाच्या इतिहासात तो प्रारंभबिंदू म्हणून येतो आणि मागे पडतो. वस्तुतः संगतीच्या प्रश्नाचे उत्तर येथेच दडलेले आहे. सहवासाची पहिली हाक वारल्याने दिलेली आहे. कार्यकर्त्यांनी अडाणी माणसांचा शोध घेतला, असे घडलेले नाही. अडलेल्या माणसाने स्वतःची सोबत स्वतः निवडली. ग्रंथाच्या शीर्षकातील जागे होणे हे त्यामुळे गोदावरीबाई झरीला पोहोचण्याआधीच सुरू झालेले होते, असे म्हणावयास जागा आहे.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारल्यांची परिषद झाली. वेठ बंद, लग्नगडी बंद, कामाला रोख मजुरी, हे तेथील निर्धार होते. 'लग्नगडी' हा शब्द आजच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावा लागतो. लग्नासाठी सावकाराकडून वा जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात नवऱ्याने, बहुधा नवरीनेही, त्याच्या घरी वर्षानुवर्षे राबायचे, अशी ही पद्धत. सहवासाच्या दृष्टीने पाहिले तर लग्नगडी हाही एक सहवासच होता. जमीनदाराच्या वाड्यात, त्याच्या गुराढोरांत, त्याच्या शिव्या ऐकत माणसाचे तारुण्य जात असे. एवढ्या जवळ राहूनही एकाचा गुण दुसऱ्याला लागला नाही. वारल्याला लागली ती भीती. सुसंगतीच्या परंपरागत विचाराला या वस्तुस्थितीचे उत्तर देता येत नाही, कारण त्या विचारात सत्तेचा हिशेब मुळी नाहीच.

गोदावरीबाईंच्या निवेदनाचे सामर्थ्य हे की, भीती कशी जाते याचा त्या बारकाईने मागोवा घेतात. झोपडीत राहणे, जे असेल ते खाणे, पाड्यापाड्यांतून पायी हिंडणे, रात्री शेकोटीभोवती बसून ऐकत राहणे, या गोष्टी ग्रंथात त्यागाच्या सुरात येत नाहीत. सहवास ही येथे कामाची पद्धत आहे. भाषणाने जे साधत नाही ते एकत्र बसण्याने साधते, हे त्या दाखवीत जातात. मराठी आत्मचरित्रांत कार्यकर्त्याचे हालअपेष्टांचे वर्णन अनेकदा स्वतःच्या थोरवीकडे झुकते. या ग्रंथात तसा झुकाव फारच कमी. पूर्वायुष्य, विवाह, प्रकृती, घरसंसार यांना येथे नाममात्र जागा आहे. स्त्रीच्या आत्मकथनाकडून असणारी वाचकाची नेहमीची अपेक्षा हा ग्रंथ जाणीवपूर्वक पूर्ण करीत नाही, आणि हे त्याचे मोठे वेगळेपण होय.

परंतु याच संयमातून ग्रंथाची मर्यादाही निर्माण होते. वारली बदलले, ते कसे बदलले, हे वाचकाला कळते. बाई कशा बदलल्या, हे मात्र ओळींच्या मधल्या जागेतून ताडावे लागते. पुण्याच्या वकिलाच्या घरातील मुलीच्या मनात कोणते संस्कार मोडले, कोणते चिवटपणे टिकून राहिले, कोणत्या क्षणी तिला स्वतःची लाज वाटली, कोणत्या क्षणी त्यांचा राग आला, याचा जमाखर्च निवेदक मांडीत नाही. देणारा-घेणारा हे जुने गृहीत आचरणात मोडले गेले आहे. निवेदनात ते पूर्णपणे मोडलेले नाही.

तलवाडा : विश्वासाची दुसरी बाजू :

१० ऑक्टोबर १९४५ चा तलवाडा येथील गोळीबार हा या कहाणीतील सर्वांत दारुण प्रसंग. पाच वारली मारले गेले. जेठ्या गांगड हा या लढ्यातील पहिला हुतात्मा ठरला. येथे कारणपरंपरा महत्त्वाची आहे. तलवाड्याला सभा आहे, गोदावरीबाई येणार आहेत आणि त्यांच्या जिवाला धोका आहे, असा खोटा निरोप जमीनदारांच्या बाजूने पाड्यापाड्यांवर पसरवण्यात आला. हजारोंनी माणसे हातात मिळेल ती काठी घेऊन निघाली. बाई तेथे नव्हत्याच. पोलिसांना मात्र सशस्त्र जमाव दिसला.

जमीनदारांना नव्याने जुळलेले नाते नेमके कोठे हळवे आहे, हे अचूक ठाऊक होते, असे यावरून दिसते. पाच महिन्यांच्या सहवासात जो विश्वास रुजला, त्याच विश्वासाचा फास करण्यात आला. संगतीने माणूस धीट होतो हे खरे. पण ज्याच्यामुळे धीर आला त्याच्यासाठी माणूस विचार न करता धावतो, हेही तितकेच खरे. आणि तरीही गोळीबारानंतर लोक पांगले नाहीत. संघटना एका व्यक्तीच्या भोवती जमलेली गर्दी असती तर ती या धक्क्याने मोडली असती. ती मोडली नाही, यावरून त्या पाच महिन्यांत वारल्यांनी बाईंशी जोडलेल्या नात्याइतकेच आपसांतले नातेही नव्याने जोडले होते, असे म्हणता येते. एका पाड्याचा वारली दुसऱ्या पाड्याच्या वारल्याच्या बाजूने उभा राहू लागला होता. ग्रंथाचे हे फलित पुढारी-अनुयायी या चौकटीत वाचल्यास हाती लागत नाही.

या संदर्भात एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. आदिवासी भागात गोदावरीबाईंना 'गोदाराणी' म्हणत. हाक प्रेमाची आहे यात शंका नाही. मात्र ज्यांनी राजे, जमीनदार आणि सावकार यांखेरीज मोठ्या माणसाचे दुसरे रूप पाहिले नव्हते, त्यांच्याजवळ आदराचा शब्दही तेथूनच आला. नाते नवे होते आणि त्याला नाव जुने मिळाले. पुढे सोलापुरात कामगारांनी याच बाईंना 'गोदूताई' म्हटले. राणीपासून ताईपर्यंतचे हे अंतर मराठीच्या अभ्यासकाने केवळ प्रादेशिक फरक म्हणून सोडून देऊ नये.

टेकडीवरची संगत :

गोदावरीबाई झरीला होत्या त्याच १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डीत ताराबाई मोडकांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. बालविधवा, शिक्षिका, पुण्यातील स्थिर नोकरी असलेल्या अनुताई बोरिवली येथील कस्तुरबा स्मारकाच्या शिबिरात ताराबाईंना भेटल्या आणि पुढचे सारे आयुष्य त्या भेटीने ठरले. ताराबाईंचे आयुष्यही तसेच एका संगतीने वळलेले होते. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सहवासात त्या बालशिक्षणाकडे आल्या. गिजुभाई स्वतः वकिली सोडून या कामात आलेले. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. गिजुभाई, ताराबाई, अनुताई ही साखळी म्हणजे सुसंगतीच्या परंपरागत कल्पनेचा विसाव्या शतकातील जवळजवळ आदर्श नमुना होय.

मात्र बोर्डीत, आणि १९५७ नंतर कोसबाडला, या साखळीला एक अनपेक्षित कडी जोडली गेली. मुले शाळेत येईनात. तेव्हा शाळाच मुलांकडे गेली. अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरे राखणारी मुले कुरणात, म्हणून कुरणशाळा. मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळत असल्याने शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणणारी विकासवाडी. माँटेसरींची साधने मागे पडली आणि शंख-शिंपले, बिया, पाने यांनी त्यांची जागा घेतली. येथे शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याने घडवले आहे, हे उघड आहे. अंगणवाडी हा शब्द पुढे सर्व देशभर गेला. त्याच्या उगमाशी एका वारली पोराचा शाळेत न येण्याचा हट्ट आहे, ही गोष्ट शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत फारशी सांगितली जात नाही.

अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' या दृष्टीने 'जेव्हा माणूस जागा होतो'च्या शेजारी ठेवून वाचावे. दोन्ही लेखिका शहरी, सुशिक्षित, मध्यमवर्गीय ब्राह्मणी संस्कारांतून आलेल्या. दोघींचे आयुष्य वारली वस्तीत गेले. एकीने प्रौढांशी मजुरीची भाषा केली, दुसरीने मुलांशी अक्षर, आंघोळ आणि आरोग्य यांची. अनुताईंच्या लेखनात वात्सल्य आहे, विनोद आहे, माणसांची पारख आहे. परंतु जमीन कोणाची हा प्रश्न त्यात मध्यवर्ती नाही. गोदावरीबाईंच्या ग्रंथात हाच प्रश्न सर्वव्यापी आहे, आणि म्हणून मूल तेथे सहसा मजुराचे मूल म्हणूनच दिसते. दोहोंपैकी श्रेष्ठ कोण, हा वाद निष्फळ आहे. मात्र वाङ्मयीन दृष्ट्या एक गोष्ट नोंदवली पाहिजे. अनुताई आपल्या चुका, फसलेले प्रयोग, मुलांनी केलेली फजिती मोकळेपणाने सांगतात. सहवासात आपण बदललो, याची कबुली त्यांच्या लेखनात अधिक सहज येते. लढ्याच्या निवेदनाला ही मोकळीक परवडत नसावी.

याच परिसरातील तिसऱ्या सहवासाचा केवळ निर्देश करून पुढे जावे लागेल. १९७० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या वारली पाड्यांत आले आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांची कला कागदावर आली. लग्नाचा चौक लिहिणे हा मुळात स्त्रियांचा, सुवासिनींचा अधिकार. नव्या संगतीत तो पुरुषाच्या हातात, विधीबाहेर आणि बाजारात आला. म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सुवासिनींची नावे कोणत्याही दालनात नाहीत.

व्यासपीठ आणि खाली बसलेले :

या सर्व सहवासांच्या कथा एका बाजूनेच लिहिल्या गेल्या आहेत, ही मराठी साहित्यव्यवहाराची मोठी उणीव आहे. दुसरी बाजू मराठीत आली ती धुळे-नंदुरबारकडून. शहाद्याच्या श्रमिक संघटनेच्या चळवळीत घडलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ साली आला. त्यांची 'स्टेज' ही कविता प्रस्तुत विषयाच्या संदर्भात मूलगामी आहे. आदिवासींचे दुःख आदिवासींना सांगणारे वर उभे आणि ज्यांचे ते दुःख आहे ते खाली, असे दृश्य ती उभे करते. कविता शत्रूवर लिहिलेली नाही. सोबत्यांवर लिहिलेली आहे, आणि म्हणूनच ती अधिक बोचते. चांगल्या संगतीतही बोलण्याचा हक्क कोणाकडे जातो, असा तिचा प्रश्न आहे.

'जेव्हा माणूस जागा होतो' या प्रश्नासमोर कसा टिकतो? बऱ्याच अंशी टिकतो, असे म्हणावे लागेल. गोदावरीबाईंनी माह्या धांगडा, जेठ्या गांगड ही नावे मराठी वाङ्मयात आणून ठेवली. त्यांना 'एक वारली' करून सोडले नाही. चळवळीतून पुढे आलेले वारली नेते लहानू कोम १९७७ मध्ये डहाणू मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. म्हणजे राजकारणाच्या व्यासपीठावर तरी खाली बसलेला माणूस वर गेला. मात्र वाङ्मयाच्या व्यासपीठावर तसे घडले नाही. त्या सहवासाविषयी वारल्याने स्वतः लिहिलेला, त्याच तोडीचा ग्रंथ मराठी अभ्यासक्रमांच्या यादीत नाही. परिणामी वारल्यांचा प्रत्येक उद्गार बाईंच्या मराठीतून गाळून वाचकापर्यंत येतो. आदिवासी साहित्य की आदिवासींविषयीचे साहित्य, हा वाद या ग्रंथाच्या बाबतीत वारंवार होतो, तो याच कारणाने.

जामसरहून पाहताना :

जामसरच्या परिसरात भात, नागली आणि वरई ही पिके. आवणीच्या दिवसांत एकमेकांच्या शेतावर जाण्याची रीत जुनी आहे. आज तुझे शेत, उद्या माझे. बोहाड्यात देवदेवतांची सोंगे नाचवली जातात, तेव्हाही गावातील निरनिराळ्या घरांचा त्यात वाटा असतो. संगतीची ही आदिवासी कल्पना देणारा-घेणारा असा भेद मानीत नाही. ती फेडीची आणि वाट्याची कल्पना आहे. 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये वारली संघटनेची कल्पना ज्या वेगाने आत्मसात करतात त्याचे श्रेय बहुतेक समीक्षक प्रचाराला देतात. त्याचे मूळ या जुन्या रीतीत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. एकत्र काम करणारी माणसे एकत्र काम बंदही करू शकतात.

दिवाळीच्या सुमारास जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात. उचल आधी घेतलेली असते. हिशेब पावसाळ्याच्या तोंडाशी होतो आणि पुष्कळदा अंगावरच निघतो. लग्नासाठी उचल घेतली जाते, हेही अपवादात्मक नाही. लग्नगडी हा शब्द व्यवहारातून गेला. त्यातील नाते कितपत गेले, याचा शोध साहित्याच्या नव्हे तर समाजशास्त्राच्या अभ्यासकाने घ्यावयाचा आहे. साहित्याच्या अभ्यासकापुढे वेगळी अडचण आहे. आश्रमशाळेत वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी दाखल झालेले मूल घरची बोली, आवणी, बोहाडा यांच्या संगतीतून उचलले जाऊन प्रमाण मराठीच्या संगतीत ठेवले जाते. दहा-बारा वर्षांनी ते महाविद्यालयात येते आणि तेथे त्याला 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचावयास मिळते. ग्रंथातील वारल्यांची बोली वाचताना वर्गातील इतर विद्यार्थी अडतात. त्याला ती कळते. पण वर्गात तिचा अर्थ मोठ्याने सांगावयास ते तयार होत नाही. अध्यापक टिपणातला अर्थ सांगतो आणि ते विद्यार्थी तोच अर्थ वहीत उतरवून घेतात. माह्या धांगडाने टिटवाळ्याच्या परिषदेत आपली हकिगत आपल्याच शब्दांत सांगितली होती, आणि ती समजून घेण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यांनी पत्करली होती.